सुनेच्या रक्ततपासणीत घोणशीचं विष कशासाठी? कोणी नीट समजावून सांगाल का?

नौपाड्याच्या काकू (ठाणे) — रविवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचून जाते, लिहिते आज पहिल्यांदाच. मी निवृत्त शिक्षिका. ३१ वर्षं प्राथमिक शाळेत मराठी आणि परिसर अभ्यास शिकवला. पण आज जे विचारतेय ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

माझी सून २९ वर्षांची. लग्नाला साडेतीन वर्षं झाली. पहिलं बाळ नवव्या आठवड्यात गेलं. पहिल्या खेपेला होतं असं, असं सगळे म्हणाले आणि आम्हीही मनाची तशीच समजूत घातली. दुसऱ्या वेळी चौदावा आठवडा लागला होता. सोनोग्राफीत ठोके ऐकून आलो होतो. दुपट्यांसाठी मी माझ्या जुन्या मऊ साड्या काढून ठेवल्या होत्या. आधीपासून काढू नयेत म्हणतात, तरी काढल्या. तेही बाळ गेलं. त्याला आता चार महिने झाले.

दुसऱ्या वेळी गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्या केल्या, त्यात व्हीडीआरएल नावाची तपासणी पॉझिटिव्ह आली. रिपोर्टवर 'रिॲक्टिव्ह १:४' असं होतं. लॅबच्या काउंटरवरच्या मुलाने दहा माणसांत सांगितलं, "गुप्तरोगाची टेस्ट आहे, मिस्टरांनाही घेऊन या." आम्ही दोघी रिक्षात बसलो. आणि मी तिला विचारलं, "लग्नाआधी काही होतं का गं?" वंदना टॉकीजपासून घरापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. नंतर टीपीएचए नावाची दुसरी तपासणी झाली. ती तिचीही निगेटिव्ह आली आणि माझ्या मुलाचीही. पण मी विचारायचं ते विचारून बसले होते.

आता नवीन डॉक्टरीणबाईंनी सगळे जुने कागद पुन्हा पाहिले आणि त्या खोट्या पॉझिटिव्हवर बोट ठेवलं. म्हणाल्या, यातच उत्तर असू शकतं. त्यांनी तीन तपासण्या लिहून दिल्यात. त्यातल्या एकीचं नाव 'डायल्यूट रसेल्स वायपर व्हेनम टाइम'. मुलाने मोबाइलवर शोधलं, तर रसेल्स वायपर म्हणजे आपली घोणस! विहीणबाईंचा फोन आला, त्या घाबरून रडत होत्या. माझ्या पोरीच्या अंगात सापाचं विष घालणार का, म्हणून विचारत होत्या.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. हे विष तिच्या अंगात जाणार का? एकाच रोगाच्या दोन तपासण्यांपैकी एक हो आणि दुसरी नाही म्हणते, ते कसं? आणि बारा आठवड्यांनी हेच सगळं पुन्हा करायचं म्हणतात, ते कशाला? मुलगा म्हणतो, पैसे काढायची कामं आहेत.

कळवेकर — सोमवार, सकाळी ७.३५

काकू, आमच्या मिसेसची हीच तपासणी दोन वर्षांपूर्वी झाली. विष अंगात जात नाही, एवढं खात्रीने सांगतो, फक्त दंडातून रक्त घेतात. पण आमचं पहिलं सॅम्पल फुकट गेलं. घरी येऊन रक्त घेतलं, तो मुलगा अजून पाच घरं फिरला आणि संध्याकाळी लॅबचा फोन आला, सॅम्पल रिजेक्ट. तेवढी काळजी घ्या. बाकी इथे ऐरोलीच्या लॅबवाल्या ताई आहेत, त्या लिहितीलच.

ऐरोलीची लॅबवाली — सोमवार, रात्री १०.२०

काकू, दुपारी ड्यूटीवर असतानाच तुमचं वाचलं. घाईत उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून जेवण उरकून बसले. मी २७ वर्षं लॅबमध्ये आहे, ठाण्यात सुरुवात केली, आता नवी मुंबईत. त्यातली बरीचशी रक्त गोठण्याच्या तपासण्यांच्या टेबलावर गेली. मी डॉक्टर नाही, उपचाराचं मी सांगणार नाही. पण त्या बाटल्यांमध्ये काय असतं ते माझ्याइतकं जवळून पाहिलेली माणसं थोडी.

आधी विहीणबाईंना फोन करा. विषाचा एक कणही तुमच्या सुनेच्या अंगात जाणार नाही. तिच्या दंडातून थोडं रक्त निघेल, त्याचा पिवळसर पाण्यासारखा भाग, म्हणजे प्लाझ्मा, आम्ही वेगळा काढू, आणि तो ३७ अंशांवर तापवून त्यात अत्यंत पातळ केलेलं घोणशीचं विष टाकू. मग घड्याळ सुरू. किती सेकंदांत गोठतं ते पाहायचं. बस.

आता व्हीडीआरएल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण या एका तपासणीने मी घरं मोडताना पाहिली आहेत.

व्हीडीआरएल ही सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी, पण तिच्या बाटलीत सिफिलिसचा जंतू नसतोच. एकही नसतो. त्यात असतो बैलाच्या हृदयातून काढलेला एक स्निग्ध पदार्थ, कार्डिओलिपिन. सोबत लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल. हे कसं झालं ते ऐका. १९०६ मध्ये जर्मनीत वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिफिलिसची पहिली रक्ततपासणी काढली. त्यासाठी त्यांनी जन्मतःच सिफिलिस असलेल्या मृत अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरला. त्यांची समजूत अशी की या यकृतात जंतू खच्चून भरलेत आणि रुग्णाच्या रक्तातली प्रतिद्रव्यं त्या जंतूंना धरतात. पुढे लोकांच्या लक्षात आलं की निरोगी यकृत घेतलं तरी तपासणी तशीच चालते. बैलाचं हृदय घेतलं तर आणखी छान चालते! म्हणजे प्रतिद्रव्यं जंतूला धरतच नव्हती, प्राण्याच्या पेशीतल्याच कशाला तरी धरत होती. ते 'काहीतरी' १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मेरी पँगबॉर्न या बाईंनी बैलाच्या हृदयातून शुद्ध करून दाखवलं. हृदयातून निघालं म्हणून कार्डिओलिपिन.

हृदयच का, तर ते जन्मभर न थांबता चालतं, म्हणून त्याच्या पेशींत मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे भाग, ठासून भरलेले असतात. आणि कार्डिओलिपिन राहतं मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यात. बैलाच्या, तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत हे इतकं सारखं आहे की बैलाच्या हृदयावर माणसाचं रक्त तपासता येतं.

तेव्हा व्हीडीआरएल एवढंच विचारते: या रक्तात त्या स्निग्ध पदार्थाविरुद्ध प्रतिद्रव्यं आहेत का? सिफिलिसमध्ये पेशी मोडतात म्हणून ती तयार होतात. पण ल्युपसमध्येही, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं त्या आजारातही होतात. मलेरिया, कुष्ठरोग यांतही होतात. कधी नुसत्या गरोदरपणातही होतात. आणि तुमच्या डॉक्टरीणबाईंना जो संशय आहे, त्या अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्येही होतात. याला आम्ही 'बायॉलॉजिकल फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणतो. बहुतेक वेळा ते असंच कमी असतं, १:२, १:४, म्हणजे रक्त दुप्पट-चौपट पातळ करेपर्यंतच दिसतं.

टीपीएचए मात्र खुद्द जंतूबद्दल विचारते. त्यात मेंढीच्या किंवा कोंबडीच्या तांबड्या पेशींवर सिफिलिसच्या जंतूचे तुकडे चढवलेले असतात. तो जंतू साध्या बशीत वाढत नाही. १९१२ मध्ये एका रुग्णाकडून मिळालेला त्याचा एक वाण आजवर सशांच्या वृषणांत वाढवत जपून ठेवलाय. टीपीएचएत तुमची सून निगेटिव्ह, मुलगाही निगेटिव्ह. म्हणजे त्या दोन तपासण्या एकमेकींविरुद्ध बोललेल्याच नाहीत काकू. दोघींना प्रश्नच वेगवेगळे होते. तिच्या चारित्र्याबद्दल तर यातल्या एकीनेही काही विचारलेलं नाही.

२००३ सालची गोष्ट सांगते. तेव्हा मी ज्या लॅबमध्ये होते तिथे रिपोर्टवर नुसतं 'रिॲक्टिव्ह' छापून द्यायची पद्धत होती. मीच ती स्लाइड केली होती. रोटेटरवर मिनिटाला १८० फेऱ्या, चार मिनिटं, मग मायक्रोस्कोपखाली पाहायचं, बारीक कण गोळा झालेले दिसले की रिॲक्टिव्ह. मी कण पाहिले, लिहिलं, सही केली. तीन दिवसांनी ती मुलगी एकटी आली, कोपरखैरण्याहून. बावीस-तेवीसची असेल. म्हणाली, "ताई, मशीन चुकू शकतं का? मला सासरी परत घेत नाहीयेत." मशीन नव्हतंच, मी होते. आणि मी चुकलेही नव्हते, कण खरेच होते. पण त्या कणांचा अर्थ काय, ते त्या कागदावर कुठेच नव्हतं. पुढची तपासणी कोणी करून घेतली नव्हती. मी तिला नीट उत्तर देऊ शकले नाही. त्यानंतर आजपर्यंत एकही रिॲक्टिव्ह रिपोर्ट डॉक्टरांना फोन केल्याशिवाय माझ्या हातून गेलेला नाही, आणि काउंटरवर तर कधीच वाचला गेलेला नाही. तुमच्या सुनेला दहा माणसांत ते ऐकावं लागलं याचा मला, त्या लॅबशी काही संबंध नसताना, फार राग आलाय.

आता घोणस.

रक्त गोठणं म्हणजे लग्नघरातल्या पहाटेसारखं असतं. एकजण उठतो, तो दुसऱ्याला हलवतो, दुसरा तिसऱ्याला. रक्तातले हे घटक आम्ही आकड्यांनी ओळखतो. त्यात दहावा, फॅक्टर टेन, फार मोक्याच्या जागी बसलेला. आधीच्या सगळ्या वाटा येऊन त्याच्यापाशी मिळतात. घोणशीच्या विषात एक एंझाइम आहे, ते बाकी कोणालाही न उठवता थेट या दहाव्याला उठवतं. आपलं शरीर त्या घटकाचा जो बंध तोडून त्याला जागं करतं, नेमका तोच बंध घोणस तोडते. तिला माणूस मारायचा नसतो, तिला हवे असतात उंदीर. पण उंदराचा फॅक्टर टेन आणि आपला फॅक्टर टेन जवळजवळ सारखा, म्हणून उंदरासाठी घडलेलं हत्यार आपल्यावरही चालतं.

चावल्यावर काय होतं? विष सगळ्या अंगभर रक्त गोठवायची घाई लावतं, गोठायला लागणारे घटक वापरून संपतात आणि मग रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं. मूत्रपिंडं जातात. तेच विष नळीत, मोजून, पातळ करून वापरलं की मात्र फार गुणी असतं. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचं रक्त थांबवायला ते वरून लावून पाहिलं. यातले बार्नेट लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचे प्रमुख होते. आणि १९८६ मध्ये अमेरिकेत थियागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुमच्या कागदावर लिहिलेली ही तपासणी मांडली.

तिची युक्ती अशी. दहावा घटक जागा झाला तरी पुढचं काम हवेत होत नाही. त्याला बसायला एक स्निग्ध ओटा लागतो, फॉस्फोलिपिडचा. कार्डिओलिपिनही त्याच जातीचं. तुमच्या सुनेच्या रक्तात ती प्रतिद्रव्यं असतील, तर ती आधीच जाऊन ओट्यावर बसतात. आम्ही पहिल्या नळीत मुद्दाम छोटासाच ओटा देतो. प्रतिद्रव्यांनी जागा अडवली की गोठायला उशीर लागतो. दुसऱ्या नळीत भरपूर ओटा देतो. तिथे सगळ्यांना जागा मिळते आणि वेळ पुन्हा कमी होतो. दोन्ही वेळांचं गुणोत्तर काढायचं. बऱ्याच लॅबमध्ये ते साधारण १.२ च्या वर गेलं की पॉझिटिव्ह धरतात, पण प्रत्येक लॅबची मर्यादा वेगळी असते, रिपोर्टवर छापलेलीच पाहा. वाट थेट दहाव्यापासून सुरू होते, म्हणून आधीच्या घटकांत काही कमी-जास्त असलं, तरी या तपासणीत ते आड येत नाही. घोणस वापरायचं हेच कारण.

या प्रतिद्रव्याचं नाव 'ल्युपस अँटिकोॲग्युलंट'. नाव ऐकून घाबरू नका आणि फसूही नका. ते सापडलेल्या पुष्कळ जणांना ल्युपस नसतो. आणि नळीत ते रक्त उशिरा गोठवत असलं, तरी शरीरात उलट गुठळ्या करतं. वारेला धरतं, तिथे गुठळी होते, सूज येते, बाळाचं पोषण तुटतं. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये या गुठळ्या, गर्भपात आणि ही प्रतिद्रव्यं यांची गाठ घालून दाखवली. त्याआधी अशा किती बायकांना 'नशीब' एवढंच उत्तर मिळालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

बारा आठवड्यांचं: साधा ताप, एखादा संसर्ग झाला तरी अशी प्रतिद्रव्यं थोडे दिवस येतात आणि जातात. ती टिकून राहिली तरच त्या आजाराचं नाव द्यायचं, असा नियम आहे, म्हणून निदान बारा आठवड्यांचं अंतर. हे पैसे काढणं नाही, मुलाला सांगा. एकाच रिपोर्टवर कोणाला जन्मभराचं लेबल लागू नये, म्हणून तो नियम आहे. कागदावरच्या बाकीच्या दोन तपासण्या अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन असणार. त्याही त्याच वेळी करा. कधी तीनपैकी एकच बोलते.

कळवेकरांनी सॅम्पलचं लिहिलं ते अगदी खरं. तिला घरी रक्त देऊ देऊ नका, लॅबमध्ये न्या, आणि जिथे सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त गरगर फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचं यंत्र, त्याच जागी आहे अशा ठिकाणी. निळ्या झाकणाची सायट्रेटची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या द्रवाची नळी असते, ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. अर्धी भरली तर मी ती टाकून देते. मग ते रक्त दोनदा फिरवावं लागतं, कारण प्लाझ्मात प्लेटलेट राहिल्या की त्या स्वतःच ओटा होतात आणि प्रतिद्रव्यं त्यांच्यावर जाऊन बसतात. रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येतो. चार तासांच्या आत हे सगळं व्हायला हवं. सॅम्पल पिशवीत आणि पिशवी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये, असं नको. फोनवर स्पष्ट विचारा, "डबल सेंट्रिफ्यूज करता का?" गोंधळले तर दुसरी लॅब बघा.

ती रक्त पातळ करणारं काही औषध घेत असेल तर आधी सांगा. आणि तपासणीआधी कोणाच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन सुरू करू नका.

घोडबंदरचा सर्पमित्र — मंगळवार, सकाळी ६.१५

ताई, रात्री वाचलं आणि झोपच आली नाही. मी चौदा वर्षं साप पकडून जंगलात सोडतोय. घोणशी किती काढल्या असतील, मोजल्या नाहीत. येऊरच्या पायथ्याच्या सोसायट्यांत पावसाळा तोंडावर आला की पिल्लं निघतात. घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, एकेका वेळी पंचवीस-तीससुद्धा. लोक तिला अजगराचं पिल्लू समजून हात लावतात, हीच मोठी भीती. अंगावर साखळीसारखे तपकिरी गोल ठिपके, तीन रांगांत. आणि फुत्कार कुकरच्या शिटीसारखा. एकदा ऐकला की विसरत नाही.

माझा एक जोडीदार होता, आम्ही दोघं मिळून कॉल घ्यायचो. २०१६ च्या जूनमध्ये पार्किंगमधल्या घोणशीने त्याच्या अंगठ्याला दंश केला. डॉक्टरांनी साध्या काचेच्या नळीत त्याचं २ मिली रक्त घेतलं आणि टेबलावर ठेवलं. वीस मिनिटं हलवायचं नाही म्हणाले. मी समोर बसून त्या नळीकडे बघत होतो. वीस मिनिटांनी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. मग प्रतिविष सुरू झालं. तो वाचला, पण आठ वेळा डायलिसिस करावं लागलं. ते रक्त का गोठलं नाही, हे मला काल रात्री तुमचं वाचून पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी समजत होतो की विष रक्त पातळ करतं. आधी गोठवून संपवतं हे माहीतच नव्हतं.

काकू, एक गोष्ट तुमच्यासाठी. प्रतिविष घोड्यांपासून करतात. परळच्या हाफकिनचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. घोड्याला विषाचे बारीक डोस देत जातात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात, ती काढून बाटलीत भरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर मिळून एकच औषध. आणि त्याला लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं, ती १९७८ मध्ये सुरू झाली. ते साप थोडे दिवस मडक्यांत ठेवतात, विष काढतात आणि परत रानात सोडतात. मारत नाहीत. सोसायटीत घोणस दिसली की काठी घेऊन धावणाऱ्यांना मी आता सांगणार आहे की तिच्या विषावर बायकांची तपासणी होते.

ऐरोलीची लॅबवाली — मंगळवार, दुपारी २.०५

दादा, तुमच्या मित्राला नमस्कार सांगा. त्या वीस मिनिटांच्या नळीला कुठलंच मशीन लागत नाही, वीजही नाही. आडगावच्या आरोग्य केंद्रातही ती करता येते. फक्त नळी काचेची, कोरडी आणि साबणाने न धुतलेली हवी. काचेवर साबण राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि नसलेल्या विषावर उपचार सुरू होतात. आणि तुमच्या फुरशाचंही एक देणं आहे. त्याच्या विषातल्या एका प्रथिनाच्या आकारावरून टायरोफिबान नावाचं औषध घडवलं. अँजिओप्लास्टीच्या वेळी प्लेटलेट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून ते देतात. कोकणातल्या कातळावरचा तो वीतभर साप!

नौपाड्याच्या काकू — बुधवार, रात्री ९.४०

ताई, तुमचं उत्तर मी मुलाकडून प्रिंट काढून घेतलं. काल संध्याकाळी सून मेथी निवडत बसली होती, तिच्याजवळ बसून मोठ्याने वाचलं. कोपरखैरण्याच्या मुलीचं आलं तेव्हा माझा आवाज लागेना. मग तिने कागद घेतला आणि पुढचं ती वाचत गेली. 'चारित्र्याबद्दल एकीनेही विचारलेलं नाही' ते वाक्य तिने दोनदा वाचलं. मी म्हटलं, "मी मात्र विचारलं गं. माझं चुकलं." ती म्हणाली, "आई, तुम्ही एकदाच विचारलंत. मी रोज स्वतःला विचारत होते, माझं काय चुकलं म्हणून."

विहीणबाईंना फोन केला. त्या आता निवळल्यात. सर्पमित्र दादा, तुमचंही त्यांना वाचून दाखवलं. त्या वाईच्या बाजूच्या, घोणस त्यांना चांगली माहीत आहे.

सुनेचा एक प्रश्न आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की निदान पक्कं झालं, तर पुढच्या वेळी रोज पोटावर इंजेक्शन घ्यावं लागेल, हेपरिनचं. तिने कुठेतरी वाचलं की ते डुकरापासून काढतात. आमच्या घरात अंडंही येत नाही. ती घ्यायला तयार आहे, पण खरं काय ते तिला कळायला हवंय. आणि ते बाळापर्यंत जातं का?

ऐरोलीची लॅबवाली — बुधवार, रात्री ११.०५

खरं आहे, सांगा तिला. हेपरिन डुकराच्या आतड्याच्या आतल्या अस्तरातून काढतात. १९१६ मध्ये जे मॅकलीन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ते अमेरिकेत कुत्र्याच्या यकृतात सापडलं. ग्रीक भाषेत यकृताला हेपार म्हणतात, त्यावरून ते नाव पडलं. रोजच्या इंजेक्शनमध्ये बहुधा त्याचाच छोटा केलेला प्रकार वापरतात, तोही डुकराच्याच हेपरिनपासून. रेणू मोठा असल्यामुळे ते वार ओलांडून बाळाकडे जात नाही. गरोदरपणात डॉक्टर तेच निवडतात, त्याचं मोठं कारण हे. कोणाला डुकराचं चालत नसेल तर ते आधीच डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं. पूर्ण रासायनिक पद्धतीने बनवलेलं त्याच कामाचं एक औषध आहे, पण गरोदरपणात कोणतं द्यायचं हे त्याच ठरवतील.

तुमच्याकडे अंडं येत नाही म्हणालात म्हणून सांगते. माझ्या टेबलाशेजारच्या फ्रीजमध्ये आत्ता काय काय आहे माहीत आहे का? प्रोथ्रॉम्बिन टाइम या रक्त गोठण्याच्या दुसऱ्या एका तपासणीसाठी सशाच्या मेंदूचा अर्क. व्हीडीआरएलसाठी बैलाचं हृदय. जंतू वाढवायच्या बशांत मेंढीचं रक्त. आणि वरच्या कप्प्यात घोणशीचं विष, पांढरट भुकटी, एवढीशी बाटली. मीही माळकरी घरातली. पहिली दोन वर्षं संध्याकाळी घरी गेल्यावर आंघोळ केल्याशिवाय देवापुढे दिवा लावायची नाही. मग एके दिवशी ते आपोआप सुटलं. त्या दिवशी काय झालं ते आठवत नाही, पण सुटलं.

आणि तिला सांगा, तिचं काही चुकलेलं नाही. स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिद्रव्यं का तयार होतात, त्यात खाण्याचा, चालण्याचा, जड उचलण्याचा काही हात नसतो.

नौपाड्याच्या काकू — शनिवार, दुपारी १२.३०

ताई, आज सकाळी रक्त दिलं. दोन लॅबना फोन केले. पहिलीतल्या बाईंनी "डबल सेंट्रिफ्यूज म्हणजे काय" असं मलाच विचारलं. दुसरीतले म्हणाले, "करतो, पण आठच्या आत या." साडेसातला पोचलो. नळी खुणेपर्यंत भरली का ते मी स्वतः पाहिलं, तो मुलगा हसला. नाव-रिपोर्ट काउंटरवर पुकारायचं नाही, पाकिटात हातात द्यायचा, हे मी त्यांच्या मॅनेजरना लिहून दिलंय. रिपोर्ट चार दिवसांनी.

घरी आल्यावर सुनेने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारा आठवडे मोजले आणि तारखेला खूण केली. नेमका त्या आठवड्यात गणपती आहेत. घरी दीड दिवसाचा असतो, पाहुणे खूप. दोन-चार दिवस पुढे गेलं तर चालेल का?

ऐरोलीची लॅबवाली — शनिवार, संध्याकाळी ७.५०

चालेल. बाराच्या पुढे गेलं तर हरकत नाही, अलीकडे नको. विसर्जन होऊ द्या, दगदग उतरू द्या, मग सावकाश जा. त्या दिवसांत तिला ताप किंवा खोकला झाला तर बरं वाटल्यावर दोन-तीन आठवडे थांबूनच रक्त द्या, नाहीतर रीडिंग बिघडतं. शक्यतो याच लॅबमध्ये करा, म्हणजे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचता येतील. आणि पहिला रिपोर्ट आला की डॉक्टरीणबाईंना दाखवा. समजला नाही तर आकडे इथे टाका, नाव झाकून.